नाव, वय, गाव

माझी उमेदीची सगळी वर्षं ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका युनियनच्या कचेरीत गेली. पगारवाढीचे करार, बोनस, ओव्हरटाइम ही पुढारी मंडळींची कामं. कामावर दगावलेल्या माणसाच्या घरी जाणं, कागद गोळा करणं, भरपाईचा दावा लावणं हे माझ्याकडे आलं आणि माझ्याकडेच राहिलं. आता नवी मुलं-मुली कचेरीत आली आहेत. त्यांना हे काम शिकवताना जे पुन्हा पुन्हा सांगावं लागतं ते एकदा लिहून काढलं.

गेलेल्याचा मान म्हणजे फोटोला हार आणि दोन मिनिटं स्तब्ध उभं राहणं, असं बऱ्याच जणांना वाटतं. हार घालावा, उभंही राहावं. पण मान राखायचा तो पहिल्या आठ दिवसांत, पोलीस ठाण्यात, शवागाराच्या दारात आणि कंपनीच्या टाइम ऑफिसात. तिथे कमी पडलं तर पुढे पाटी कितीही मोठी लावा.

१. आधी नाव नीट लिहून घ्या

कायम कामगाराचं नाव चार रजिस्टरांत असतं. ठेकेदाराच्या माणसाचं तसं नसतं. गेटपासवर एक नाव, आधारवर दुसरं, आणि मुकादम हाक मारतो ती तिसऱ्याच नावानं. फोन आला की मी आधी मस्टर बघायला पळते. मयताचं नाव मस्टरवर मुळीच नाही असंही पाहिलंय, आणि त्याच दिवशी वेगळ्या शाईनं तळाशी घुसडलंय असंही. म्हणून मस्टरच्या पानाचा फोटो पहिल्या तासात काढायचा. दुसऱ्या दिवशी ते पान तसंच असेल याची खात्री नाही.

मग वय. पोस्टमॉर्टेमच्या कागदावर सर्रास ‘वय अंदाजे ४०’ असं पडतं. माणूस असतो तिशीचा, उन्हातान्हात आणि भट्टीसमोर राबून थोराड दिसणारा. माझं सगळं काम १९२३ च्या भरपाई कायद्याखाली झालं, नव्या सामाजिक सुरक्षा संहितेतली कलमं नव्या मुलांनी वाचावीत. त्या जुन्या कायद्यात मृत्यूची भरपाई म्हणजे महिन्याचा निम्मा पगार गुणिले वयाप्रमाणे ठरलेला गुणक. पगार कितीही असो, हिशेबाला धरायची मर्यादा जानेवारी २०२० पासून १५,००० रुपये. तिसाव्या वर्षाचा गुणक २०७.९८ आणि चाळिसाव्याचा १८४.१७. म्हणजे तिशीतल्या माणसाच्या घरी १५,५९,८५० रुपये जायचे, ते कागदावर चाळीस पडले की १३,८१,२७५ होतात. डॉक्टरांनी घाईत लिहिलेल्या एका अंदाजानं घरातले १,७८,५७५ रुपये जातात. शाळा सोडल्याचा दाखला गावाहून मागवायला म्हणूनच एक दिवसही थांबायचं नाही.

पण हे नुसतं पैशापुरतं नाही. एकदा शवागाराबाहेर विदर्भातून रात्रभर प्रवास करून आलेली एक म्हातारी बसली होती. पोलिसांच्या कागदावर तिच्या मुलाचं सोबत्यांनी सांगितलेलं लाडाचं नाव होतं, तेवढंच. हवालदारानं अंगठ्यासाठी कागद पुढे केला. तिनं आधी तो वाचून दाखवायला लावला. मग म्हणाली, “पुरं नाव लिवा सायेब. त्याच्या बापाचं नाव लावून लिवा. गाव लिवा, तालुका लिवा.” हवालदार भला माणूस होता. त्यानं नवा कागद घेतला आणि तिनं सांगितलं तसं सगळं पुन्हा लिहिलं. मग तिनं अंगठा दिला.

पुण्याला रेल्वेनं जाताना बोरघाट लागला की मला ही बाई आठवते. त्या घाटात १८५६ ते १८६३ या काळात लोहमार्ग बांधला गेला. दरडी, सुरुंग, पटकी आणि तापानं तिथे जी माणसं मेली त्यांचे अंदाज वीस-पंचवीस हजारांपर्यंत जातात. सॉलोमन ट्रेडवेल हा ठेकेदार १८५९ मध्ये इथे येऊन थोड्याच दिवसांत वारला, आणि त्याच्या बायकोनं, अ‍ॅलिसनं, ठेका पुढे चालवून काम तडीस नेलं. हे आपल्याला माहीत आहे, कारण त्यांची नावं कागदावर आहेत. बाई कर्तबगार होतीच, तिच्याबद्दल मला आदर आहे. पण तिच्या हाताखाली पहारी मारताना मेलेल्यांपैकी कुणाचं पूर्ण नाव, बापाचं नाव, गाव आपण सांगू शकतो? कुणी विचारून लिहून घेतलं असतं तर सांगता आलं असतं.

जळीताच्या वेळी तर नावाचा प्रश्न आणखी भयंकर होतो. मुळशीतल्या उरवड्याला ७ जून २०२१ रोजी रसायनांच्या कारखान्याला आग लागली. देह ओळखता येईनात, डीएनए तपासणी करावी लागली. गेलेल्यांत बहुतेक बायका होत्या.

२. बाई गेली म्हणजेही कमावतं माणूस गेलं

उरवडं म्हटलं म्हणून हे लगेच सांगते. बाई कामावर दगावली की साहेबांच्या तोंडी हमखास येतं, “घरखर्चाला हातभार लावायची.” तिचा पगार हातभार आणि नवऱ्याचा तेवढाच पगार मात्र कमाई, हे मी चालवून घेत नाही. दाव्यात तिचा हुद्दा, तिचा पगार, तिच्या पाळ्या तितक्याच बारकाईनं लिहायच्या. मुलांची फी आणि घराचं भाडं तिच्या पगारातून जात असेल तर तेही लिहायचं.

३. ‘त्याचीच चूक’ हे ऐकून घेऊ नका

माणूस गेल्यावर तासाभरात एक गोष्ट तयार होते. बेल्ट लावला नव्हता. हेल्मेट काढून ठेवलं होतं. घाई करत होता. रात्री प्यायला होता म्हणे. गोष्ट सुपरवायझर सांगतो, मग ती पंचनाम्यात उतरते, मग वर्तमानपत्रात येते, आणि महिन्याभरानं त्याची बायकोसुद्धा म्हणू लागते की यांनीच जरा सांभाळायला हवं होतं. शेवटची पायरी मला सगळ्यात क्रूर वाटते. नवरा गेला, आणि वर त्याचा दोषही तिच्याच घरात येऊन राहिला.

१९२३ च्या कायद्यात दुरुस्त्या करणाऱ्यांना हे कळलं होतं. दारूचा अंमल, मुद्दाम नियम मोडणं, सुरक्षेची साधनं जाणूनबुजून काढून टाकणं ही कारणं मालकाला भरपाई नाकारायला वापरता येत होती, पण इजा झाली असेल तेव्हाच. माणूस मेला असेल किंवा कायमचा पूर्ण निकामी झाला असेल तर ही सबब चालत नव्हती. मेलेला माणूस उभा राहून आपली बाजू सांगू शकत नाही, एवढी जाण त्या जुन्या कायद्यात होती. आजही बऱ्याच कामगारांना हे ठाऊक नसतं, आणि ‘त्याचीच चूक, काही मिळणार नाही’ या एका वाक्यावर घरच्यांची बोळवण होते. हे वाक्य आपल्या मुला-मुलींनी पाठ करून ठेवावं: मृत्यू झाला असेल तर चुकीची सबब चालत नाही.

आणि चूक तरी कुणाची होती ते आपल्या डोळ्यांनी बघून यावं. पावसाळ्याच्या तोंडावर शेडवरचे फुटके सिमेंटचे पत्रे बदलायला माणसं चढवतात. जुना पत्रा वरून धड दिसतो, पाय पडला की फुटतो आणि खाली तीस फुटांवर कोबा असतो. एका पंचनाम्यात लिहिलं होतं, मयतानं सुरक्षा बेल्ट वापरला नाही. मी आणि आमचा एक जुना फिटर वर चढून बघून आलो. बेल्ट अडकवायला दोर बांधलेला नव्हता. हुक अडकेल असा एकही पक्का अँगल हाताच्या अंतरावर नव्हता. पत्र्यावरून चालायला फळ्या टाकलेल्या नव्हत्या. बेल्ट स्टोअरमध्ये होता, प्लॅस्टिकच्या पिशवीत, घडी न मोडलेला. समजा त्या माणसानं तो कमरेला बांधला असता, तर बेल्टसकट खाली आला असता. फिटरनं हे सगळं मोजमापासकट लिहून दिलं आणि पोलिसांना तो जबाब जोडावा लागला. मी त्या कागदाची प्रत मयताच्या बायकोकडे नेली आणि तिच्या सासू-सासऱ्यांसमोर मोठ्यानं वाचली. पैसे मिळायला नंतर बरेच दिवस गेले, पण सासूनं त्या दिवसापासून पोराला बोल लावणं बंद केलं.

विचारायचे प्रश्न साधे असतात. काम कुणी सांगितलं? परवान्यावर सही कुणी केली? खाली उभं कोण होतं? आधी कधी कुणी पडलं होतं का? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर जवळजवळ नेहमी ‘हो’ असतं.

४. स्मशानात कागदावर सही होऊ देऊ नका

ठेकेदार गावी जायला गाडी करून देतो, अंत्यविधीचा खर्च उचलतो, आणि चिता पेटण्याआधी किंवा पेटल्या पेटल्या मयताच्या भावाला बाजूला घेतो. हातात नोटांचं पुडकं, दुसऱ्या हातात स्टॅम्पपेपर. ‘आता आमची काही तक्रार नाही.’ गावाकडच्या माणसाला त्या क्षणी तो ठेकेदार देवमाणूस वाटतो, आणि त्यात त्या भावाचा काही दोष नाही.

मी तो १९२३ चा कायदा सांगते. मृत्यूची भरपाई मालकानं परस्पर घरच्यांच्या हातात द्यायचीच नाही, भरपाई आयुक्तांकडे जमा करायची. परस्पर दिलेली रक्कम भरपाई म्हणून धरली जात नाही, त्या स्टॅम्पपेपरनं हक्क जात नाही. ठेकेदार हात वर करून पळाला तर ज्या कंपनीचं काम चाललं होतं तिलाही कायदा धरतो. रक्कम महिनाभरात जमा व्हायला हवी, नाही झाली तर वर्षाला बारा टक्के व्याज, आणि उशिराला सबळ कारण नसेल तर रकमेच्या निम्म्यापर्यंत दंड. दावा लावायला दोन वर्षांची मुदत. ईएसआयचा कामगार असेल तर वाट निराळी, तिथे एकरकमी पैशांऐवजी घरच्यांना दरमहा पैसे मिळतात. हे सगळं नव्या संहितेशी पडताळून एका कागदावर छापून घ्या आणि कामगारांच्या खोल्यांत वाटून ठेवा, अपघात व्हायच्या आधी.

आयुक्तांकडे रक्कम जमा करण्यामागे आणखी एक शहाणपण आहे. घरात एकदम पैसा आला की दीर, सासरे, कधी माहेरचेही, सगळ्यांना त्याची कामं आठवतात. आयुक्त विधवेचा आणि मुलांचा हिस्सा वेगळा काढू शकतात, बँकेत ठेवायला सांगू शकतात. त्यासाठी सुनावणीच्या दिवशी ती बाई स्वतः हजर हवी. तिला आणायला जा. वाटेत तिला विचारा की तुम्हाला काय हवंय वहिनी, आणि मग गप्प राहून ऐका. बहुतेक वेळा तोवर तिला हे कुणी विचारलेलं नसतं.

पैशाचं बोलायला आपल्याकडे लाज वाटते. कुणाच्या मरणाचा हिशेब करणं ओंगळ वाटतं. मला वाटत नाही. त्यानं आयुष्यभर हात विकून घर चालवलं, त्याच्या घराचं येणं शेवटच्या रुपयापर्यंत वसूल करण्यात कसला ओंगळपणा?

५. लॉकर तिघांसमोर उघडा

त्याचा एक सोबती, युनियनचा एक, टाइम ऑफिसचा एक. यादी करा. मी उघडलेल्या एका लॉकरमध्ये धुतलेला शर्ट होता, कंगवा, तंबाखूची चंची, मुलीच्या शाळेच्या पिकनिकची पावती, आणि दाराच्या आतल्या बाजूला खडूनं लिहिलेला उधारीचा हिशेब: कुणाला किती द्यायचे, कुणाकडून किती घ्यायचे. सोबत्यांनी तो हिशेब उतरवून घेतला आणि घ्यायचे होते ते पैसे पगाराच्या दिवशी घरी पोचवले. द्यायचे होते ते सगळ्यांनी सोडून दिले. डबा मात्र आठवणीनं घासून द्यावा. तसाच उष्टा डबा घरी परत गेलेला मी पाहिलाय, आणि तो कुणाच्याही घरी तसा जाऊ नये.

६. जो मागोमाग उतरला त्याला मूर्ख म्हणू नका

गटार, सेप्टिक टाकी, रसायनांची टाकी, सांडपाण्याचा हौद. एकजण उतरतो आणि कोसळतो. दुसरा त्याला काढायला उतरतो. कधी तिसराही. बातमी वाचून लोक हळहळतात आणि म्हणतात, दुसऱ्यानं तरी विचार करायचा.

आत काय असतं ते समजून घ्या. हायड्रोजन सल्फाइडला सडक्या अंड्यांचा वास येतो हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण प्रमाण वाढलं की नाक बधिर होतं आणि वास येईनासा होतो. उतरणाऱ्याला वाटतं, हवा आता बरी आहे. त्यानंतर शुद्ध हरपायला वेळ लागत नाही. वर उभ्या माणसाला दिसतं ते एवढंच, की आपला सोबती पाण्यात पालथा पडलाय. त्याच्या हातात गॅस मीटर नाही, तिपाई आणि दोराची चरखी नाही, हवेचा मुखवटा नाही. आहे तो भाऊ किंवा गाववाला, आणि तो डोळ्यांदेखत मरतोय. अशा वेळी विचार करत काठावर उभं राहणारा माणूस मला अजून भेटायचाय. तो दुसरा माणूस वाचवायला गेला होता. सैन्यात किंवा अग्निशमन दलात असता तर त्याला पदक मिळालं असतं. आपण निदान शोकसभेत त्याचं नाव पहिल्याच्या बरोबरीनं घ्यावं आणि तो कशासाठी उतरला ते स्पष्ट सांगावं.

सुरक्षेच्या साधनांशिवाय माणूस गटारात उतरवायला २०१३ च्या कायद्यानं बंदी आहे. १९९३ पासून गटारांत मेलेल्या प्रत्येकाच्या घरी दहा लाख द्या, असा निकाल सर्वोच्च न्यायालयानं २७ मार्च २०१४ रोजी दिला, आणि २० ऑक्टोबर २०२३ च्या निकालात ती रक्कम तीस लाख केली. गृहनिर्माण सोसायट्यांच्या सेक्रेटरींना मी हे दोन्ही निकाल छापून नेऊन देते. टाकी उपसायला कुणाला तरी चारशे-पाचशे रुपयांवर बोलावलं की जबाबदारी आपलीच, हे त्यांच्यातल्या बहुतेकांना खरंच माहीत नसतं.

आणि जो वर उभा होता, उतरला नाही किंवा लोकांनी धरून ठेवलं म्हणून वाचला, त्याच्याकडेही जा. त्याला दुसऱ्या दिवशी त्याच जागी कामाला लावतात. त्याची पाळी बदलून घ्या, भरपगारी रजा मागा. माझ्या पाहण्यातल्या अशा माणसांपैकी काहींनी नोकरी सोडली, काही दारूला लागले. त्यांचं नाव कुठल्याच यादीत येत नाही.

७. एकाच्या मरणाकडेच पुढच्यांचं मरण टाळायची वाट असते

भोपाळ म्हटलं की डिसेंबर १९८४ आठवतो. त्याआधी तीन वर्षं, डिसेंबर १९८१ मध्ये, त्याच कारखान्यात फॉस्जीन वायूनं मोहम्मद अश्रफ हा कामगार मेला होता. राजकुमार केसवानी हे भोपाळचे पत्रकार त्याला ओळखत होते. तो कसा मेला याचा माग काढत ते कारखान्याच्या सुरक्षेपर्यंत पोचले आणि १९८२ पासून त्यांनी लिहायला सुरुवात केली की हे शहर ज्वालामुखीच्या तोंडावर बसलंय. कुणी ऐकलं नाही.

एका माणसाच्या मरणाचा नीट तपास करणं हाच त्याचा सगळ्यात मोठा मान, असं मी मानते, आणि त्याला अश्रफचं उदाहरण देते. त्या एका मृत्यूला कारखान्यानं आणि सरकारनं गांभीर्यानं घेतलं असतं तर आज आपल्याला त्याचं नाव कळलंही नसतं आणि हजारो माणसं जिवंत राहिली असती.

आमच्या जवळचं सांगायचं तर डोंबिवली एमआयडीसीत २६ मे २०१६ रोजी स्फोट झाला, बारा माणसं गेली, आसपासच्या घरांच्या काचा फुटल्या. चौकशी समिती नेमली गेली. आठ वर्षांनी, २३ मे २०२४ रोजी, त्याच एमआयडीसीत पुन्हा स्फोट झाला आणि पुन्हा माणसं गेली. पहिल्या खेपेला जवळ राहणारी एक बाई दुसऱ्या खेपेलाही काचा वेचत होती. ती मला म्हणाली, “ताई, मागच्या वेळी फुटल्या त्यांचा पंचनामा अजून माझ्याकडे आहे.”

म्हणून चौकशीचा अहवाल मागत राहा. माहितीच्या अधिकारात मागा, पुन्हा मागा. शोकसभा दरवर्षी घेता तशी अहवालाची मागणीही दरवर्षी करा, आणि काय उत्तर आलं ते शोकसभेत वाचा.

८. स्मारक कामाच्या जागी हवं

मुंबईत एक स्मरणदिन खऱ्या अर्थानं टिकलाय. १४ एप्रिल १९४४. व्हिक्टोरिया गोदीत फोर्ट स्टिकिन हे जहाज लागलं होतं, पोटात कापसाच्या गाठी आणि सुमारे १,४०० टन स्फोटकं. स्फोटक मालाची खूण म्हणून लावायचा लाल बावटा जहाजावर नव्हता. दुपारी कापूस धुमसू लागला, बंब आले, जवानांनी तास-दोन तास पाणी मारलं. चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट, अर्ध्या तासाच्या आत दुसरा. सिमल्याच्या भूकंपमापकावर त्याची नोंद झाली. अग्निशमन दलाचे ६६ जण गेले. त्यांचं स्मारक भायखळ्याच्या मुख्यालयात आहे आणि तो दिवस देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळतात.

हा दिवस ऐंशी वर्षं का टिकला? पाळणारे तेच काम करणारे आहेत म्हणून. मानवंदना देऊन ते त्याच दिवशी बंब बाहेर काढतात, त्या आठवड्यात शाळा-सोसायट्यांत जाऊन आग कशी विझवायची ते दाखवतात. २०१५ च्या मे महिन्यात काळबादेवीच्या आगीत दलाचे चार वरिष्ठ अधिकारी गेले, त्यात प्रमुख सुनील नेसरीकर होते. ती नावंही आता त्याच परंपरेत घेतली जातात.

पण १४ एप्रिललाच गोदीतले हमाल, खलाशी, वखारीतले मजूर, रस्त्यावरची माणसंही गेली. त्या दिवशीच्या मृतांचे आकडे आठशेपासून तेराशेपर्यंत सांगितले जातात. पाचशे माणसांचा फरक! एका दलाकडे हजेरीपट होता, म्हणून ६६ हा आकडा पक्का राहिला. नाक्यावरून उचलून आणलेल्या मजुराचा हजेरीपट तेव्हाही नव्हता.

जिथे कागद नाही तिथे लोकांनी आपल्या परीनं सोय केली. बोरघाटात जुन्या रस्त्यावर शिंगरोबाचं देऊळ आहे. शिंगरोबा नावाच्या धनगरानं साहेबाला घाटाची वाट दाखवली, बक्षीस काय हवं विचारल्यावर आमचा मुलूख मोकळा करा म्हणाला, आणि साहेबानं त्याला गोळी घातली, अशी कथा सांगतात. कागदोपत्री पुरावा शोधणारे शोधोत. ट्रकवाले आजही तिथे वेग कमी करून नाणं टाकतात. घाटानं माणसं खाल्ली ही गोष्ट लोकांनी दीडशे वर्षं अशी धरून ठेवली, आणि तीही त्याच घाटातून पोटासाठी जाणाऱ्यांनी.

आमच्या इथे पाटी लावायची झाली की व्यवस्थापन म्हणतं, गेस्ट हाउसच्या बागेत लावू. मी नको म्हणते. ज्या रिअ‍ॅक्टरपाशी माणूस गेला तिथे लावा, किंवा निदान पाळी बदलताना सगळे ज्या दारातून जातात तिथे. त्यावर नाव, वय, गाव, काम आणि काय झालं ते एका ओळीत लिहा. ‘व्हॉल्व्ह बंद असल्याची खात्री न करता टाकी उघडायला लावली.’ ही ओळ घालायला व्यवस्थापन तयार होत नाही. त्यासाठी भांडावं.

९. शून्याच्या फलकाला विचारा, कोण कोण मोजलं?

४ मार्चला राष्ट्रीय सुरक्षा दिन असतो. १९६६ साली त्या तारखेला राष्ट्रीय सुरक्षा परिषद स्थापन झाली, म्हणून. गेटवर बिल्ले वाटतात, शपथ घेतात. गेटपाशी मोठा फलक असतो, अपघाताविना गेलेले दिवस. एका गेटवर हा आकडा शेकड्यांत होता आणि त्याच आवारात दोन महिन्यांपूर्वी परांचीवरून पडून एक हेल्पर गेलेला होता. विचारलं तर उत्तर मिळालं, तो ठेकेदाराचा होता. तो फलक आम्ही घोषणा देत शून्यावर आणायला लावला.

२८ एप्रिलला जगभरच्या कामगार संघटना कामावर गेलेल्यांचा स्मरणदिन पाळतात. आम्ही त्या दिवशी भाषणं ठेवत नाही. नावं वाचतो. नाव, वय, गाव, कुठल्या मशीनवर. कायम, ठेक्यावरचा, बदली, सगळे एका यादीत. गेल्या वर्षी त्या जागी काय सुधारणा झाली हे त्या खात्याचा माणूस उभा राहून सांगतो. झाली नसेल तर झाली नाही असं सांगतो.

१०. वारसाला नोकरी द्या, पण कुठे ते त्याला विचारून

सफाई कामगारांच्या वारसांना नोकरी द्यायची तरतूद महाराष्ट्रात लाड-पागे समितीच्या शिफारशींमुळे झाली. कितीतरी घरं त्यावर तरली, ती तरतूद राहिलीच पाहिजे. पण बाप ज्या कामात गेला त्याच कामावर पोराला उभं करताना माझा हात सही करायला कचरतो. कारखान्यातही तेच होतं. एकोणीस-वीस वर्षांचा मुलगा, बापाचे बूट त्याला होतात, आणि साहेब म्हणतात उद्यापासून ये.

करारात आम्ही आता अट घालतो: वारसाला त्याच खात्यात नेमायचं नाही, आणि शिकायचं असेल तर जागा राखून ठेवायची. काही ठिकाणी ती मान्य झालीय, काही ठिकाणी अजून रेटा चालू आहे. बॉयलरवर गेलेल्या एका माणसाच्या मुलानं गेल्या पावसाळ्यात नोकरीचा कागद हातात घेऊन सांगितलं की मला आधी आयटीआय करायचंय, इलेक्ट्रिशियन. त्याची आई घाबरली, एवढी चालून आलेली नोकरी. दोन तास बसलो, ती तयार झाली. कंपनीनं जागा दोन वर्षं राखायचं लेखी दिलं. पहिल्या वर्षाची फी तिन्ही पाळ्यांतून वर्गणी काढून भरली, दुसऱ्या वर्षाची जूनमध्ये भरायची आहे. वर्गणीची वही कचेरीतल्या डाव्या कपाटात आहे.